खुराडे केवढे बांधू? आधी पत्रे मोजा, मग पक्षी

पत्र : नमस्कार. मी लांजा तालुक्यातली. घरामागे परसात १२ बाय २० फुटांची जागा आहे. सध्या ८ गावठी कोंबड्या आणि १ कोंबडा आहे. रात्री त्यांना पडवीत डालग्याखाली झाकते. पावसाळ्यात मुंगसाने रात्रीच्या तीन कोंबड्या नेल्या, तेव्हापासून पक्के खुराडे बांधायचे मनात आहे. सोबत महिन्याची ५० कावेरी जातीची पिल्ले आणावीत असा विचार आहे. खुराड्यासाठी हातात १०,००० रुपये आहेत, त्यावर एक रुपया नाही. भावजी म्हणतात, ४ बाय ६ची पेटी पुरे. फॅब्रिकेशनवाला १० बाय १०ची शेड सांगतो आणि २८,००० मागतो. जुन्या पडवीचे वासे, मेढी आणि साठेक जांभे चिरे पडून आहेत. माड घरचे, त्यामुळे झाप विकत घ्यायला नको. काम आमचे हे आणि भावजी मिळून करतील. बाजारात विचारले तर पत्रा १२ फुटी १,१०० रुपये, १० फुटी ९२० रुपये. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी ३ फूट रुंद, ४० रुपये फूट. साधी कोंबडी जाळी तेवढीच रुंद, १५ रुपये फूट. बांबू ८० रुपये. सिमेंटची गोणी ४०० रुपये. नेमके केवढे बांधू?

उत्तर : ताई, तुम्ही दर लिहून पाठवलेत, चिरे मोजलेत. त्यामुळे उत्तर आकड्यांतच देता येते. आतून ६ बाय ९ फूट बांधा. पिल्ले ५० नको, ३० आणा. हे आकडे कुठून आले ते कळले, तर उद्या भाव बदलला तरी तुमचा हिशोब तुम्हालाच करता येईल.

भावजी आणि फॅब्रिकेशनवाला, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ४ बाय ६ म्हणजे २४ चौरस फूट. त्यात ५० पिल्ले म्हणजे पिल्लामागे अर्धा फूट. महिन्याच्या पिल्लाला तेवढे पुरते. पण तेच पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला एक चौरस फूट लागतो आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीला दोन. म्हणजे भावजींची पेटी मार्चपर्यंत चालेल आणि जूनमध्ये तिचा कोंडवाडा होईल. फॅब्रिकेशनवाल्याने ५० मोठ्या पक्ष्यांना १०० चौरस फूट धरले, तेही चूक नाही. फक्त जूनमध्ये तुमच्याकडे ५० मोठे पक्षी असणारच नाहीत, हे त्याला कोणी सांगितले नाही.

पुष्कळ ठिकाणी तुम्ही वाचाल, की दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरता एक-सव्वा फूट पुरे. देशावर, जिथे वर्षाचे दहा महिने कोंबडी बाहेर असते, तिथे ते खरे. रत्नागिरी जिल्ह्यात आषाढात झड लागली की चार-चार दिवस पाखरे बाहेर पडत नाहीत. तेवढे दिवस खाणे, पिणे, हगणे, अंडी घालणे, भांडणे सगळे त्याच चार भिंतींत. खुराड्याचे माप त्या आठवड्याचे काढायचे. म्हणून दोन चौरस फूट.

जूनमध्ये किती तोंडे?

महिन्याची पिल्ले नर-मादी न निवडता मिळतात, म्हणजे साधारण निम्मे कोंबडे. ३० आणलीत तर १५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणि १५ कोंबडे धरा. घार-कावळ्याची एखाद-दुसरी जातेच. पिल्ले जानेवारीच्या शेवटी आणली, तर मेच्या अखेरीस ती पाच महिन्यांची होतात. चाकरमानी गावी आलेले असतात, तेव्हा कोंबडे विकायला वेगळी जाहिरात लागत नाही. मृग लागायच्या आत त्यांतला एक ठेवून बाकीचे काढून टाका. एकदा पाऊस बसला, पाठोपाठ श्रावण आला, की गिऱ्हाईक नाही आणि खाद्याचे पोते मात्र रिकामे होत राहते.

मग जूनमध्ये उरल्या १५ तलंगा, जुन्या ८ कोंबड्या आणि २ कोंबडे. पंचवीस. ६ बाय ९ म्हणजे ५४ चौरस फूट. त्यात दोनाच्या हिशोबाने २७ मावतात. दोन पक्ष्यांची जागा शिल्लक राहिली तर राहू दे. एखादी खुडूक बसली की ती लागतेच.

५० आणली असती, तर कोंबडे विकूनही पस्तीस उरले असते आणि ७० चौरस फूट लागले असते. दहा हजारात तेवढे चांगले बांधून होत नाही. तेवढे मोठे आणि कच्चे बांधण्यापेक्षा लहान आणि घट्ट बरे.

माप आतले धरा

इथे बहुतेक जण फसतात. जांभा चिरा साधारण १४ बाय ९ बाय ७ इंचांचा. तो ९ इंच उंचीवर उभा बसवला तरी भिंतीची जाडी ७ इंच होते. बाहेरून ६ बाय ९ची दोरी मारलीत, तर आत उरते जेमतेम ३८ चौरस फूट. म्हणजे १९ पक्षी. आठ पक्ष्यांची जागा भिंतीने खाल्ली. म्हणून दोरी आतल्या कडेला मारा. बाहेरून ते ७ फूट २ इंच बाय १० फूट २ इंच होईल. आतले दोन्ही कर्ण १० फूट १० इंचांच्या आसपास सारखे आले की चौकट काटकोनात आहे असे समजा. कर्ण जुळला नाही तर पत्रे तिरके बसतात आणि एका कोपऱ्यात पागोळी थेट आत गळते.

या मापाला एका थरात सुमारे २८ चिरे लागतात, दोन थरांना ५६. तुमच्याकडे साठ आहेत. खालचा थर ६ इंच जमिनीत गाडा, ३ इंच वर राहू द्या, त्यावर दुसरा थर. जमिनीपासून एक फूट उंच जोते मिळेल. आत जांभ्याच्या कपच्या आणि माती भरून धुमसाने ठोकून जमीन ६ इंच उंच करा. सुमारे ३० घनफूट, म्हणजे ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमीच लागेल. वर शेणमातीचे सारवण. उरलेल्या ६ इंचांच्या काठात तुसाची गादी राहते आणि तूस बाहेर सांडत नाही. चिरे मातीतच बसवा, फक्त बाहेरच्या बाजूने सांधे सिमेंटने भरा. एक गोणी पुरते. सांधे उघडे राहिले तर घूस तिथूनच पोखरायला सुरुवात करते, आणि मागाहून त्याच बिळातून साप येतो.

पत्र्याचा हिशोब

कोणत्याही स्वस्त खुराड्याचे खरे माप पत्रा ठरवतो. पत्रा कापला की पैसे गेले, आणि कापलेली कड गंजतेही लवकर. तुमचा पत्रा साडेतीन फूट रुंद. कोकणच्या पावसाला दोन पत्र्यांचा एकमेकांवर दीड नाळीचा (पत्र्याच्या लाटेचा) तरी चढ हवा, म्हणजे चारेक इंच जातात. चार पत्रे मिळून झाकतात १३ फूट. तुमची बाहेरची लांबी १० फूट २ इंच. दोन्ही बाजूंना जवळजवळ दीड-दीड फुटाची वळचण फुकट मिळाली, एकही पत्रा न कापता.

यातच एक सोपे गणित दडले आहे. प्रत्येक पत्रा लांबीत तीन फुटांची भर घालतो. सहा फूट रुंदीत ते १८ चौरस फूट, म्हणजे ९ पक्षी. तीन पत्रे घेतले तर ६ बाय ६, अठरा पक्षी. चार पत्रे, सत्तावीस. पाच पत्रे, छत्तीस. पुढे-मागे वाढवायचे झाले तर एक पत्रा, दोन मेढी आणि दहाएक चिरे आणायचे की नऊ पक्ष्यांची सोय झाली. म्हणून पूर्वेकडची सात-आठ फूट जागा आज मोकळी सोडा, तिथे लाकडे रचू नका.

पत्रा १२ फुटीच घ्या. दहा फुटी घेऊन ७२० रुपये वाचवायचा मोह होईल, पण त्यात पुढे-मागे मिळून अडीच फूटच वळचण राहते. बारा फुटीत उतार धरूनही साडेचार फुटांच्या आसपास मिळते: मागे अडीच, पुढे दोन. पहिल्याच पावसात या दोन फुटांची किंमत कळते. पैसे कमी पडलेच तर लांबीतला एक पत्रा कमी करा आणि पक्षी १८ ठेवा, वळचण मात्र कापू नका.

लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. पाऊस आणि वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून उतार दक्षिणेकडे, ती मागची बाजू; उंच बाजू उत्तरेकडे, ती पुढची. पश्चिमेची आखूड बाजू झापाने पूर्ण झाका, दार पूर्वेला. जागा परसातली सगळ्यांत उंच निवडा आणि माडाखाली मात्र नको. सुका नारळ पडला की पत्र्याला खळगा, खळग्यात पाणी, आणि पुढच्या वर्षी तिथेच भोक.

मागच्या तीन मेढी जमिनीपासून ५ फूट, पुढच्या तीन पावणेसात फूट. शिवाय दीड फूट खड्ड्यात. मेढी चिऱ्यांच्या ओळीतच, दोन चिऱ्यांच्या मध्ये उभ्या करा, म्हणजे आतली जागा जात नाही. खड्ड्यात जाणारा भाग आधी जाळावर काळा करून घ्या, मग डांबर लावा आणि तळाशी चिऱ्याचा तुकडा ठेवा; नाहीतर वाळवी दोन पावसाळ्यांत मेढ पोकळ करते. वासे पत्र्याच्या टोकापर्यंत बाहेर काढा. त्यांवर बांबूच्या पाच आडव्या रीपा, सुमारे पावणेतीन फुटांवर एक, आणि दोन्ही टोकांच्या रीपा पत्र्याच्या कडेपासून ६ इंच आत. वळचणीखाली रीप नसेल तर वारा पत्रा उचलतो आणि रात्रभर फडफडवतो. हळूहळू हुकाची भोके रुंद होतात. भोक नेहमी नाळीच्या उंचवट्यावर पाडायचे, खोलगट भागात नाही, आणि हुकाखाली डांबरी वायसर विसरायचे नाही. बांबूत हुक पक्का बसत नाही, म्हणून जे-हुक बांबूखालून घेऊन वर आवळा.

जाळी, आणि तुमचे ते मुंगूस

मुंगूस दिवसाचा प्राणी आहे. रात्री डालगे उलथून कोंबडी नेणारा बहुधा दुसराच असतो: कांडेचोर, रानमांजर, नाहीतर गावातला कुत्रा. चोर कोण हे कळायला हवे, कारण बंदोबस्त वेगळा. रात्रीच्या चोराला खुराडे अडवते. दिवसाच्या मुंगसाला खुराडे अडवत नाही, कारण तेव्हा कोंबड्या बाहेर असतात. त्यासाठी खुराड्याभोवती दहा फूट गवत, घाणेरी, लाकडांचे ढीग काही ठेवायचे नाही. उघड्यावर यायला मुंगूस कचरतो. विष, फासे यांच्या वाटेला जाऊ नका. ही जनावरे कायद्याने संरक्षित आहेत, आणि विष खाणार तुमचेच मांजर.

साधी षटकोनी कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवायला असते, चोराला बाहेर ठेवायला नाही. कुत्रा ती दाताने फाडतो, आणि लहान मुंगूस किंवा साप तिच्या भोकातून सहज आत येतो. सगळीकडे वेल्डमेश लावायची तर पैसे पुरणार नाहीत, म्हणून वाटणी करायची. खालचे तीन फूट वेल्डमेश, वर कोंबडी जाळी. भोवतालची लांबी सुमारे ३५ फूट, वेल्डमेश तेवढीच. तिची खालची कड चिऱ्याच्या बाहेरून ३ इंच खाली उतरवून सिमेंटच्या सांध्यात दाबा. कड मोकळी राहिली तर बाकी जाळी कितीही भारी असो, जनावर तिथेच नाक घालते. वरची कोंबडी जाळी सुमारे ३० फूट लागते: पुढे १० फूट, दोन्ही बाजूंना मिळून १४ फूट, आणि मागे फुटा-सव्वाफुटाचीच पट्टी असल्याने पाचेक फुटांचा तुकडा उभा चिरून काम होते. आणखी १० फूट आतल्या आडोशासाठी. एकूण ४० फूट घ्या. दोन जाळ्या जिथे भेटतात तिथे तीन इंच एकीवर एक घेऊन तारेने विणा, नुसते खिळे मारू नका.

दार २ फूट रुंद, बांबूच्या चौकटीला वेल्डमेशचा तुकडा. उंबरठा जोत्यावर, म्हणजे गादी सांडत नाही. दाराखाली अर्ध्या इंचाहून जास्त फट नको. कडी एक वर, एक खाली. एकाच कडीचे दार कुत्रा खालून ढकलतो आणि बांबूची चौकट पिळवटून आत शिरतो.

आतली मांडणी

पिल्ले आल्या आल्या मोठ्या कोंबड्यांत सोडू नका. जुन्या कोंबड्या चोची मारतात, शिवाय त्यांना न जाणवणारा आजार पिल्लांना मारतो. तीन फुटांवर जाळीचा आडोसा घाला: ३ बाय ६च्या कप्प्यात जुने ९ पक्षी (१८ चौरस फूट, दोनाच्या हिशोबाने बरोबर), ६ बाय ६मध्ये ३० पिल्ले. तीन महिन्यांची झाली की आडोसा काढा, तोही संध्याकाळी, सगळे दांड्यांवर बसल्यावर. सकाळी उठेपर्यंत ओळख झालेली असते. थोडी भांडणे होतील, ती आठवड्यात मिटतात.

बसायच्या दांड्या मागच्या भिंतीला समांतर, नऊ-नऊ फुटांच्या दोन. पक्ष्यामागे साडेआठ इंच येतात, पुरतात. पहिली भिंतीपासून एक फूट, दुसरी तिच्यापुढे दीड फूट, आणि दोन्ही एकाच उंचीवर, दोन फूट. शिडीसारख्या चढत्या लावल्या तर सगळ्यांना वरचीच हवी असते आणि रोज संध्याकाळी मारामारी होते. कावेरी अंगाने जड. तीन-चार फुटांवरून उड्या मारून तिच्या तळपायाला गाठ येते. दांडीसाठी बांबू वापरू नका. चिरलेल्या बांबूच्या पोकळीत उवा-पिसवा घर करतात आणि तिथे औषध पोचत नाही. जुन्या पडवीचा दोन इंची वासा कडा गोल करून वापरा आणि मध्ये एक टेकू द्या.

अंडी घालायला पाच कोंबड्यांमागे एक जागा, म्हणजे तुम्हाला पाच. त्यासाठी काही विकत आणू नका. आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्या आडव्या करा, तोंड १२ इंच तरी असू द्या, पुढे चार इंचांची पट्टी मारा म्हणजे पेंढा आणि अंडे बाहेर येत नाही. उंची सव्वा फूट, दांड्यांपेक्षा खाली. पेट्या वर गेल्या की कोंबड्या त्यांतच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीत पडलेली मिळतात. चार इंची पीव्हीसी पाइपाचा साडेचार फुटांचा तुकडा उभा चिरला की खाद्याची पन्हळ होते. दोन्ही बाजूंनी मिळून पक्ष्यामागे चार इंच येतात. पाणी दिवसाला सहा-सात लिटर, वैशाखात दुप्पट. पाण्याचे भांडे दोन चिऱ्यांवर, दाराजवळ ठेवा. गादी भिजते ती पावसापेक्षा जास्त या भांड्याने.

गादीला भातगिरणीतले तूस उत्तम. तीन इंच जाडीला चार भरगच्च पोती लागतील. ओले आहे का, हे मुठीत दाबून पाहायचे. लाडू वळला तर ओले, मूठ उघडताच सैल सुटले तर ठीक, धूळ उडाली तर फार कोरडे. एक दिवसाआड दाताळ्याने वरखाली करा. दांड्यांखालचा पट्टा रोज. जिथे ढेप धरली ती उचलून खतात टाका आणि तेवढीच नवी भर घाला. ढेप तशीच ठेवून वर चुना मारण्याची पद्धत आहे, त्याने उलट होते: ओल्या विष्ठेवर चुना पडला की नाकात झोंबणारा वायू आणखी सुटतो. आधी ढेप बाहेर, मग उघड्या जमिनीवर हलका चुना, मग तूस.

पावसात सगळ्यांच्या हातून एक चूक होते. पाणी आत येते म्हणून निळा प्लास्टिक कागद चारही बाजूंनी वरपासून खालपर्यंत बांधतात. आत ऊब वाटते, पण पंचवीस पक्ष्यांचा श्वास आणि विष्ठेची वाफ बाहेर जायला वाट नसते. आठ दिवसांत शिंका आणि डोळ्यांतून पाणी सुरू होते. गादी ओली राहिली तर पाठोपाठ रक्ती हगवण, आणि ती नेमकी तलंगांना धरते. दक्षिण आणि उत्तर बाजूंना झाप बाहेरून तिरके लावा, पण पत्र्याखालचा एक फूट काही झाले तरी उघडा ठेवा. पहाटे दार उघडलेत की वाकून नाक कोंबडीच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले तर झाप खाली करा. तरीही चुरचुरले तर पक्षी जास्त झालेत.

पिल्ले घेताना विकणाऱ्याला मानमोडीची (राणीखेतची) लस किती वेळा आणि कधी दिली ते विचारा. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, एवढे झालेले असावे. आठव्या आठवड्याची आर-टू-बी सुई तुम्हाला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्यायची आहे. एका कुपीत पुष्कळ डोस असतात आणि उघडली की लगेच संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार घरांचा एकच दिवस ठरवा. एक दिवसाची पिल्ले स्वस्त पडतात खरी, पण मग बल्ब, गोल पत्रा आणि चार आठवडे रात्रीची जाग आली. पहिल्या वर्षी नको.

खर्च

तुमच्याच दरांनी: चार पत्रे ४,४००. वेल्डमेश ३५ फूट, १,४००. दारासाठी घरात जाळीचा जुना तुकडा नसेल तर ५ फूट जास्त घ्या. कोंबडी जाळी ४० फूट, ६००. बांबू दहा, ८००. पाच रीपांना, बाकी दाराची चौकट, आडोसा आणि झापांचे टेकू. सिमेंट ४००. जे-हुक, वायसर, यू-खिळे, बांधणीची तार, बिजागऱ्या आणि दोन कड्या मिळून ७०० धरा. पाइपाचा तुकडा आणि पाण्याची दोन भांडी, ६००. तूस चार पोती, २००. झाले ९,१००. दाराची जाळी विकत घ्यावी लागली तर ९,३००.

उरलेल्या सातशे-नऊशेत एक दिवस गवंडी बोलवा, तोही फक्त पहिल्या थरासाठी. पाणसळ आणि गुण्या (काटकोन) त्याने लावून दिला की पुढचे काम घरचे दोघे सहज ओढतील. वाचवायचे असेल तर दाराला रंग देऊ नका, जमिनीला कोबा करू नका, आत लाइटही नको. कोब्यावर गादी घसरते आणि खाली ओल साचते. ठोकलेली सारवलेली जमीन त्यापेक्षा बरी.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चिरे, मेढी, पत्रे होऊ द्या. पिल्ले येण्याआधी आठ दिवस जुने नऊ पक्षी त्यात मुक्कामाला घाला म्हणजे त्यांना दांड्यांची सवय होईल. आणि एक दिवस दुपारी दार लावून आत बसा, भावजींना शिडीवरून प्रत्येक हुकावर कळशीभर पाणी ओतायला सांगा. जिथे थेंब पडेल तिथे खडूने खूण करा.